मागच्याला दिसलं पाहिजे : ट्रेलरच्या वायरिंगचे दहा बोल

अमेरिकेत ट्रेलर ओढायला मोठा ट्रकच हवा, असं काही नाही. रोजच्या वापरातल्या मिनीव्हॅनला किंवा एसयूव्हीला मागे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची लोखंडी जोडणी, बसवून लोक छोटा ट्रेलर ओढतात. कुणी सायकली नेतं, कुणी घर बदलताना सामान नेतं, कुणी तळ्यावर होडी नेतं. मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव तर ट्रेलरशिवाय पार पडत नाही. ढोल, ताशे, ध्वज, मखराच्या फळ्या, समया, सतरंज्या, प्रसादाची पातेली हे सगळं वर्षभर कुणाच्या तरी तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये असतं. उत्सवाच्या दिवशी ते ट्रेलरवर चढतं आणि शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात पोचतं. सकाळी उजेडात नेलेलं सामान परत आणायला मात्र रात्र होते. आरती, जेवण, आवराआवर आटोपून निघायचं आणि दमलेल्या अंगाने, ताशी ७० मैलांच्या रहदारीत ट्रेलर ओढायचा.

माझा पेशा गाड्यांच्या विजेचा. त्यामुळे मंडळात कुणी हिच बसवली की दिव्यांचं वायरिंग माझ्याकडे येतं. या कामाने मला जे शिकवलं, ते इथे क्रमाने मांडतो. हे काम अवघड नाही, पण त्याचा मान ब्रेकच्या कामाइतकाच राखला पाहिजे, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

१. ट्रेलर जोडला की गाडीचे दिवे झाकले जातात.

इथे १९८६च्या मॉडेलपासून प्रवासी मोटारींना मागच्या काचेजवळ तिसरा, उंचावरचा ब्रेक लाईट सक्तीचा झाला. मागच्या चालकाला पुढची गाडी थांबतेय हे लवकर कळावं, हा त्यामागचा हेतू. पेटीसारखा बंद ट्रेलर जोडला की तो तिसरा दिवा गेला, खालचे दोन गेले, इंडिकेटरही गेले. आता मागच्या माणसाला तुमच्या गाडीचं काहीच दिसत नाही. त्याला जे दिसतं ते ट्रेलरचं. म्हणून ट्रेलरवरचे दिवे ही सजावट नव्हे किंवा पोलिसांनी अडवू नये म्हणून केलेली सोयही नव्हे. तुम्ही थांबताय, वळताय की नुसते चाललाय, हे मागच्याला सांगण्याचं दुसरं साधन तुमच्याकडे उरलेलंच नसतं.

कायदाही तेच बघतो. मागे लाल टेललाईट, ब्रेक लाईट, इंडिकेटर, नंबरप्लेटवर उजेड, लाल रिफ्लेक्टर आणि बाजूला खुणेचे दिवे, एवढं लहान ट्रेलरलाही लागतं. रुंदी ८० इंच किंवा त्याहून जास्त असेल, तर मागे मधोमध तीन लाल दिव्यांची ओळ आणि रुंदी दाखवणारे कडेचे दिवेही लागतात. जुना ट्रेलर विकत घेताना टायर आणि तळाच्या फळ्या सगळेच तपासतात. हे दिवेही मोजून घ्यावेत.

२. वायर हातात घेण्याआधी गाडीचा स्वभाव ओळखा.

संध्याकाळी गाडी ड्राइव्हवेवर लावा, कुणाला तरी आत बसवा आणि ब्रेक दाबून डावा इंडिकेटर लावायला सांगा. मागे उभं राहून नीट बघा. कधी डाव्या बाजूचा लाल ब्रेक लाईटच उघडझाप करतो. म्हणजे ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही कामं एकच दिवा करतो. अनेक अमेरिकी गाड्या अशा असतात, कारण इथे लाल इंडिकेटर कायद्याला मान्य आहे. कधी लाल दिवा स्थिर राहतो आणि शेजारी वेगळा नारिंगी दिवा उघडझाप करतो. बऱ्याच जपानी आणि युरोपीय गाड्या अशा. भारतातून आलेल्या माणसाला ही दुसरी पद्धत सवयीची.

साध्या ट्रेलरवर मात्र दोन्ही बाजूंना एकेकच लाल दिवा असतो आणि त्यालाच दोन्ही कामं करायची असतात. म्हणून नारिंगी इंडिकेटरच्या गाडीला मध्ये कन्व्हर्टर लागतो. तळहाताएवढ्या डबीत बसणारं हे यंत्र ब्रेक आणि इंडिकेटर यांचे वेगवेगळे इशारे ऐकून ट्रेलरच्या प्रत्येक बाजूसाठी त्यांचा एकच इशारा करतं. ब्रेक दाबून डावं वळण दाखवलं, तर डावा दिवा उघडझाप करतो आणि उजवा स्थिर राहतो. 'मी दोन्ही वायरी एकत्र पिळून टाकतो, कन्व्हर्टर कशाला?' असं विचारणारे भेटतात. तसं केलं की ब्रेकचा करंट उलट इंडिकेटरच्या वायरीत शिरतो, डावं-उजवं एक होतं आणि गाडीच्या नियंत्रकाला इजा होते ती वेगळीच. कन्व्हर्टरला पर्याय नाही.

३. चार रंग पाठ करा आणि हिरव्याविषयीची जुनी सवय सोडा.

छोट्या ट्रेलरचा प्लग चपटा आणि चार वायरींचा असतो. पांढरी वायर अर्थिंगची, जिला इथे ग्राउंड म्हणतात. तपकिरी टेललाईट, नंबरप्लेट आणि बाजूच्या खुणेच्या दिव्यांची. पिवळी डाव्या बाजूच्या ब्रेक-इंडिकेटरची, हिरवी उजव्या बाजूच्या ब्रेक-इंडिकेटरची. भारतात घरच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. इथे हिरवीत करंट आहे. ती पत्र्याला कसलीत, तर उजवं वळण दाखवताच फ्यूज उडेल. नव्या माणसाला मी हे आधी सांगतो, पक्कड नंतर देतो.

प्लगची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. गाडीकडच्या भागात तीन तोंडं रबरात झाकलेली असतात आणि एकच पिन उघडी असते. ती उघडी पिन अर्थिंगची. झाकलेल्या तिन्हींत करंट येऊ शकतो, म्हणून ती झाकलेली. प्लग लोंबकळून बंपरला लागला, तरी शॉर्ट होत नाही. कुणी प्लगचा ट्रेलरकडचा भाग गाडीला आणि गाडीकडचा ट्रेलरला लावून ठेवला, तर ही राखण उलटी होते. पाच वायरींच्या प्लगमध्ये निळी वाढते. ती मुख्यतः होडीच्या ट्रेलरवर लागते, गाडी मागे घेताना ट्रेलरचे ब्रेक लागू नयेत म्हणून. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील, तर सात पात्यांचा गोल सॉकेट आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. तो वेगळा विषय आहे आणि छोट्या सामानाच्या ट्रेलरला त्याची गरज पडत नाही.

४. गाडीकडून फक्त इशारा घ्या, ताकद बॅटरीकडून घ्या.

ट्रेलरवर साधा डबल पॉइंट बल्ब असेल, तर त्याचा ब्रेकचा फिलामेंट सुमारे २७ वॅटचा असतो. १२ व्होल्टच्या यंत्रणेवर तो दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. ब्रेक दाबला की दोन बाजूंचे मिळून चार. शिवाय टेललाईट, नंबरप्लेट, बाजूचे दिवे. आजच्या बऱ्याच गाड्यांत मागचे दिवे एलईडीचे असतात आणि त्यांच्या वायरी, त्यांना पुरवठा करणारा संगणक, सगळं थोड्या करंटसाठी बेतलेलं असतं. त्यावर हा बोजा टाकला, तर संगणक तो पुरवठा बंद करतो, डॅशबोर्डवर इशारा देतो किंवा कायमचा बिघडतो.

म्हणून मी नेहमी बॅटरीवर चालणारा कन्व्हर्टर वापरायला सांगतो. तो गाडीच्या वायरीतून नुसता इशारा ओळखतो आणि दिव्यांना लागणारा करंट थेट बॅटरीकडून आणतो. त्यासाठी बॅटरीपासून मागेपर्यंत एक जाड वायर ओढावी लागते. कंटाळून ही पायरी टाळू नका.

या वायरीला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याचं रक्षण करणारं कुणीच नसतं. तो तुकडा कुठे घासून पत्र्याला लागला, तर वायर लालबुंद होऊन पेट घेते. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडा आणि फ्यूज अगदी शेवटी, सगळं जोडून झाल्यावर घाला. कन्व्हर्टरच्या किटबरोबरच्या कागदावर जेवढ्या अँपिअरचा लिहिलाय, तेवढ्याचाच फ्यूज. तो उडाला, तर कारण शोधा. मोठा फ्यूज घालणं म्हणजे आगीला वाट मोकळी करणं.

५. गाडीची वायर कापण्याआधी प्लग शोधा.

बहुतेक गाड्यांसाठी तयार हार्नेस, म्हणजे प्लगसकट वायरींचा संच, मिळतो. सामानाच्या कप्प्यातलं बाजूचं प्लॅस्टिक काढलं की टेललाईटच्या मागे कंपनीचा प्लग दिसतो. तो सोडवायचा, मध्ये हार्नेसचे दोन प्लग बसवायचे आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचे. काहीही कापलं जात नाही, गाडीच्या वॉरंटीवरून वाद होत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं. प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत कडक होऊन तुटतात, म्हणून हे काम शक्यतो उन्हाळ्यात करा किंवा गॅरेज गरम करून घ्या.

तयार हार्नेस मिळत नसेल, तर वायर जोडावी लागते. दुकानात त्यासाठी चिमट्यासारखे छोटे निळे-लाल क्लिप मिळतात. ते वायरीचं आवरण चावून आतल्या तांब्याला भिडतात. पाच मिनिटांत काम होतं, पण तांब्याचे काही धागे तुटतात आणि चावलेल्या जागेतून ओल आत जाते. अशा जोडांमधला दोष वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतो, तोही कधी दिसतो, कधी दिसत नाही. त्यापेक्षा योग्य मापाचा क्रिम्प, चांगली पक्कड आणि वरून डिंक असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह वापरा. गरम हवा दिल्यावर स्लीव्हच्या दोन्ही कडांतून डिंकाचा बारीक मणी बाहेर आला, की जोड पक्का समजा.

एक जपायचं. जुन्या गाडीत आपण बल्बचा टेस्ट लॅम्प घेऊन वायरी टोचत सुटायचो. संगणकावर चालणाऱ्या गाडीत तसं करू नका. टेस्ट लॅम्प स्वतः करंट ओढतो. मल्टिमीटर वापरा.

६. अर्थिंग पक्कं, तर काम पक्कं.

दहा बोलांतला एकच लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवा. ट्रेलरच्या दिव्यांच्या तक्रारी घेऊन जेवढे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांचा दोष पांढऱ्या वायरीच्या टोकाशी सापडतो.

मंडळातल्या एका मित्राने जुना ट्रेलर घेतला होता. डावा इंडिकेटर लावला की डावा दिवा मिणमिणायचा आणि उजव्या बाजूचा टेललाईट मंदपणे उघडझाप करायचा. त्याने बल्ब बदलले होते, नवा कन्व्हर्टरही आणला होता. मी ट्रेलरच्या डाव्या दिव्यामागचा स्क्रू सोडला. पांढऱ्या वायरीच्या टोकाची कडी तांबूस झाली होती आणि तिच्याखाली काळा रंग जसाच्या तसा होता. म्हणजे ती कडी पत्र्याला कधी भिडलेलीच नव्हती; स्क्रूच्या आट्यांमधून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता, आणि गंज चढल्यावर तोही थांबला. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, कडी बदलली, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळला आणि वरून रंगाचा हात दिला. दिवे लगेच ताळ्यावर आले.

असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढचे दोष डोळ्यांनीच ओळखता येतात. डबल पॉइंट बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात आणि दोघांचं अर्थिंग एकच असतं. ते तुटलं की इंडिकेटरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीची वाट राहत नाही. पाटाचा बांध फुटला की पाणी शेजारच्या वाफ्यात शिरतं, तसा तो करंट टेललाईटच्या फिलामेंटमधून उलटा तपकिरी वायरीत शिरतो आणि उजव्या बाजूच्या दिव्यातून अर्थिंग गाठतो. म्हणून डावा इंडिकेटर लावल्यावर उजवा टेललाईट लुकलुकतो. नको तो दिवा लागत असेल, दिवे मंद असतील किंवा एक लावल्यावर दुसरा विझत असेल, तर आधी अर्थिंग बघा आणि मग बल्बकडे वळा.

ट्रेलर ज्यावर टेकतो त्या हिचच्या बॉलवर अर्थिंगसाठी विसंबू नका. बॉलला ग्रीस लावलेलं असतं आणि खड्ड्यागणिक तिथला स्पर्श सुटतो. पांढरी वायर प्लगमधून ट्रेलरच्या सांगाड्यापर्यंत गेली पाहिजे, आणि शक्य असेल तर प्रत्येक दिव्याला तिची स्वतंत्र शाखा दिली पाहिजे. तपासायला सोपा उपाय आहे. दिवा चालू ठेवा, मल्टिमीटरची एक सुई दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा शून्याच्या जवळ, ०.१-०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. त्याच्या वर जेवढा जाईल, तेवढा उजेड वाटेत वाया जातोय.

७. वायरीची वाट आखून मग वायर ओढा.

गाडीखाली वायरीचे तीन वैरी असतात : सायलेन्सरची उष्णता, चाकांबरोबर हलणारे भाग आणि पत्र्याच्या धारदार कडा. वायर सायलेन्सरपासून लांब, शक्यतो गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. जिथे कंपनीच्या स्वतःच्या वायरी किंवा नळ्या बांधलेल्या आहेत, तिथून न्या, कारण ती जागा त्यांनी विचार करून निवडलेली असते. पत्र्याच्या भोकातून वायर जात असेल, तर रबरी ग्रोमेट घाला. वरून प्लॅस्टिकची नळी चढवा आणि हातभर अंतरावर केबल टाय बांधा. वायर ताणून बांधू नका. हलायला थोडी सैल ठेवा.

मिनीव्हॅनच्या बऱ्याच किटमध्ये प्लग सामानाच्या कप्प्यात ठेवतात आणि ट्रेलर जोडताना मागच्या दारातून बाहेर काढतात. ही सोय चांगली, कारण प्लग पावसापासून वाचतो. पण कुलूप ज्या जागी बसतं तिथून वायर काढली, तर दार लावताना ती चेपते. कोपऱ्यातून, मऊ रबराखालून काढा.

प्लगपाशी वायर किती लांब ठेवायची, हे ट्रेलर जोडून, गाडी पूर्ण वळवून बघा. वळताना ताणली जाऊ नये आणि सरळ चालताना रस्त्याला टेकू नये. रस्त्याला घासून तळाशी सपाट झालेला प्लग मी पुष्कळदा हातात धरलाय. वरून तो नवा दिसतो, खालून तांबं उघडं पडलेलं असतं.

८. तपासणी तुकड्यातुकड्याने करा.

गाडी आणि ट्रेलर जोडून, दिवा लागत नाही म्हणून डोकं धरून बसण्यात अर्थ नाही. आधी गाडीकडचा प्लग एकटा तपासा. मल्टिमीटरची काळी सुई उघड्या पिनला, लाल सुई एकेका तोंडाला. मग ट्रेलर एकटा तपासा. १२ व्होल्टची छोटी बॅटरी घ्या, तिची निगेटिव्ह बाजू ट्रेलरच्या पांढऱ्या वायरीला लावा, आणि पॉझिटिव्ह बाजू फ्यूज असलेल्या वायरीने तपकिरी, पिवळ्या, हिरव्या वायरीला क्रमाने लावा. दोष कुणाकडे आहे, हे काही मिनिटांत कळतं. दोन्ही निर्दोष निघाले, तरच जोडा.

जोडल्यावर हा क्रम ठेवा : टेललाईट, ब्रेक, डावा, उजवा, टेललाईट चालू ठेवून ब्रेक आणि डावा एकत्र, तसाच ब्रेक आणि उजवा, शेवटी धोक्याचे चारही. एकेकटे दिवे लागतात आणि एकत्र लावले की गडबड होते, हीच अर्थिंगच्या दोषाची खूण. मंडळाच्या पार्किंगमध्ये हे काम मुलांना फार आवडतं. कुणाची तरी मुलगी चालकाच्या जागी बसते, "काका, ब्रेक दाबला!" म्हणून ओरडते आणि मागे उभी असलेली मुलं "डावा लागला, उजवा नाही लागला" असं सांगतात. मुलांना अशा कामात घ्या. दहा वर्षांनी त्यांच्या हाती गाडी येईल, तेव्हा हा क्रम त्यांना पाठ असेल. एकट्याने तपासायचं असेल, तर गाडी गॅरेजच्या दाराकडे पाठ करून लावा आणि संध्याकाळी दारावर पडणारा उजेड आरशात बघा.

ट्रेलरवर एलईडी दिवे असतील, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साधा बल्ब वायरी उलट लावल्या तरी पेटतो, एलईडी पेटत नाही. आणि एलईडी इतका थोडा करंट घेतात, की काही गाड्यांना मागे ट्रेलर जोडलाय हेच कळत नाही, किंवा बल्ब गेला समजून त्या इंडिकेटर भराभर उघडझाप करायला लावतात. अशा वेळी गाडीसाठीचा योग्य कन्व्हर्टर किंवा रेझिस्टर लागतो. एवढं सांभाळलं तर एलईडी उत्तम : टिकाऊ, ठळक आणि सीलबंद.

९. मिठाशी आणि पाण्याशी गाठ आहे, हे धरून चाला.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाणच आहे. ते मीठ बर्फ वितळवतं आणि गाडीखालचं तांबं खातं. वायरीचं टोक सोलून बघा. आतलं तांबं चकचकीत असेल, तर वायर जिवंत आहे. हिरवी-काळी भुकटी दिसली, तर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. हिरवं तांबं तसंच क्रिम्प करून वरून टेप गुंडाळणं व्यर्थ. इन्सुलेशन टेप गाडीखाली टिकत नाही. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि हिवाळ्यात ती सुटते.

प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. ते करंट वाहून नेत नाही, पण पिना एकमेकींना घट्ट भिडल्यावर भोवतालची जागा भरून ओल बाहेर ठेवते. ट्रेलर काढला की प्लगला टोपण घाला. नवी वायर घेताना कथिलाचा मुलामा असलेली, होड्यांसाठीची वायर मिळाली तर ती घ्या. थोडी महाग पडते, पण मिठाला दाद देत नाही. होडी पाण्यात उतरवणाऱ्यांनी ट्रेलर मागे पाण्यात नेण्याआधी प्लग काढावा. बराच वेळ जळून तापलेला बल्ब गार पाण्यात गेला, की तडकतो.

१०. दिवे लागले म्हणजे ओढायची परवानगी मिळाली असं नाही.

वायरिंग झालं की माणसाला हुरूप येतो आणि ट्रेलरमध्ये बसेल तेवढं भरलं जातं. गाडी किती पौंड ओढू शकते, हे तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. हिचवर आणि बॉलवर वेगळा आकडा असतो. या सगळ्यांत जो सगळ्यांत लहान, तोच तुमचा. त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरायचं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ओढूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांना हिच बसवून देणारा दुकानदार मिळेलही, पण आपण बसवू नये. सुरक्षेच्या साखळ्या खाली फुलीच्या आकारात लावा आणि वायर त्या साखळ्यांमध्ये अडकणार नाही, अशी ठेवा. सामान भरल्यावर दिवे झाकले गेले नाहीत ना, हेही बघा. ध्वजाच्या काठ्या आणि मखराच्या फळ्या मागे लोंबकळतात आणि बरोब्बर दिव्यासमोर येतात.

हे लिहिताना मला गावाकडचे रस्ते डोळ्यांसमोर येतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टरमागे उसाच्या ट्रॉल्या चालतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. ज्यांना असतो, त्यांचा लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या उजेडाने डोळे दिपलेला मोटारसायकलस्वार त्या काळोखावर जाऊन आदळतो. रिफ्लेक्टर लावले जातात, ते चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही आणि ब्रेक दाबल्याचं कुणाला सांगत नाही. तिथेही वायरी त्याच कामाच्या लागतात : अर्थिंग, टेललाईट, डावा, उजवा आणि ब्रेक. फक्त प्लग गोल, सात पिनांचा असतो. एका माणसाच्या जिवापुढे दोन दिवे, काही मीटर वायर आणि एका दुपारचं काम ही किंमत काहीच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. तुमच्या ओळखीत कुणाचा ट्रेलर असेल, ट्रॉली असेल, मंडळाचं सामान नेणारी गाडी असेल, तर निघण्यापूर्वी तिच्या मागे उभे राहा आणि चालकाला ब्रेक दाबायला सांगा. दिवा लागला नाही, तर संकोच न करता त्याला थांबवा. सामान उद्या गेलं तरी चालेल. दिवे दुरुस्त झाल्याशिवाय त्याला रस्त्यावर जाऊ देऊ नका.